चित्राखालची ओळ
(रोजनिशीतील काही पाने)

१६ मार्च २०२५, रविवार. वराळे

आज तुकाराम बीज. पहाटेपासून इंदोरीच्या रस्त्याला गाड्यांची रांग, सगळ्या देहूकडे निघालेल्या. गच्चीवरून नदीपलीकडे भंडारा डोंगर दिसतो. सकाळी धुरकट होता, नऊनंतर त्याची कड उमटली.

चित्रांच्या ग्रुपवर सात वाजायच्या आत सहा तुकोबा येऊन बसले. एकशे चाळीस जण आहोत आम्ही. बहुतेक माझे शाळेतले चित्रकलेचे जुने विद्यार्थी, काहींचे आईवडील, तळेगाव-वडगावची चार-दोन निवृत्त माणसं. सहाही चित्रांत तुकोबांचा चेहरा एकच होता, विष्णुपंत पागनीसांचा. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला, दामले-फत्तेलालांनी तो केला, आणि तेव्हापासून आपल्या डोळ्यांतले तुकोबा पागनीसांसारखे दिसतात. काढणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक नव्हतं. मी ग्रुपवर लिहिलं, की ज्या माणसाचा चेहरा तुम्ही काढलात त्याचं नाव हे, आणि ते चित्राखाली लिहिलं तर तुकोबा रागावणार नाहीत.

त्याच सिनेमातला सालोमालो दुपारभर डोक्यात घोळत राहिला. तुकोबांचे अभंग घ्यायचे, शेवटचं नाव काढून आपलं घालायचं आणि कीर्तनात म्हणायचे. सालोमालोचा उल्लेख गाथेतही आहे. परंपरा त्याला अभंगचोर म्हणूनच ओळखते. अभंगाच्या अखेरीस कवीचं नाव गुंफायची आपली जुनी रीत, तिला नाममुद्रा म्हणतात. सगळ्या अभंगात चोराने एवढी एकच जागा बदलली, यावरून त्या जागेचं मोल कळतं.

त्याच चित्रपटात याच्या उलटही घडलं. बीज आणि वृक्षाचं ते गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं, पण इतकं अस्सल उतरलं की कितीतरी लोक ते तुकोबांचंच समजून म्हणत आले. यात चोरी कुणाचीच नाही. तरी आठवल्यांचं नाव दर वेळी मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर ते विसरलं जातं. चोर नसला तरी नाव हरवू शकतं, हे मला आज नव्याने जाणवलं.

२८ मार्च, शुक्रवार

दोन दिवसांत ग्रुप ओळखू येईनासा झाला. ज्याच्या त्याच्या घरातल्या फोटोचं जपानी ॲनिमेशनपटासारखं चित्र. मोठे डोळे, मऊ ढग, हिरवं गवत. नातवाचं बारसं, लग्नाचा एकसष्टावा वाढदिवस, वडगावच्या स्टँडवरची एसटी, सगळं स्टुडिओ घिबलीच्या शैलीत. एआयमध्ये फोटो टाकायचा आणि मिनिटभरात चित्र मिळतं.

त्या घरांतला आनंद खरा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. एका आजोबांनी वारलेल्या पत्नीचा फोटो तसा करून घेतला आणि मला वेगळा पाठवला. काय बोलायचं? छान दिसतात वहिनी, म्हटलं.

अडलं ते एका शब्दापाशी. एकाने विचारलं, "मॅडम, कसं काढलंय मी?" काढणं आणि करून घेणं ही मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. शिंप्याकडून सदरा शिवून घेतला तर आपण 'मी शिवला' म्हणत नाही. त्याच घिबलीच्या हायाओ मियाझाकींच्या 'द विंड रायझेस' या चित्रपटात गर्दीचं चार सेकंदांचं एक दृश्य आहे, ते हाताने काढायला त्यांच्या एका चित्रकाराला सव्वा वर्ष लागलं. गर्दीतलं प्रत्येक माणूस वेगळं हलतं. तो सव्वा वर्षाचा हात आज आपल्या फोटोवरून फिरला, आणि कुणी विचारलंही नाही की हा हात कुणाचा.

मी ग्रुपवर एकच नियम टाकला. यंत्राकडून करून घेतलेलं चित्र टाकायला बंदी नाही, पण खाली तसं लिहायचं. एकवीस जणांनी होकाराचा अंगठा दाखवला. तिघे ग्रुप सोडून गेले.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

शेजारच्या काकूंनी दारात एकवीस ते एक ठिपक्यांची रांगोळी काढली. एकही रेघ पुन्हा पुसली नाही. मी फोटो काढत होते तर म्हणाल्या, "बाई, तुमच्या ग्रुपात परवा चोरीबद्दल चाललं होतं ना? मग ही पण चोरीची का? मी आईकडून घेतली, आईने तिच्या सासूकडून."

प्रश्न साधा होता, उत्तर द्यायला मात्र मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. ठिपक्यांची रांगोळी गावाची. तिला धनी नाही, म्हणून तिची चोरीही नाही. काकूंनी मात्र मधल्या कमळाच्या पाकळीला बाहेरून एक वेलांटी दिली होती, ती कुठल्याच पुस्तकात नाही. "ही कुणाची?" विचारलं, तर लाजल्या. "ती माझीच."

तेवढी वेलांटी उद्या कुणी उचलली तर 'वराळ्याच्या काकूंवरून' असं म्हणायला हवं. बाकीची रांगोळी सगळ्यांची. हा फरक हाताला कळतो, नियमात लिहायला अवघड जातो.

आपल्या नाटकवाल्यांनी तो लिहून ठेवला होता. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि पुढे ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचं नाव. पद नवं, चाल घेतलेली, आणि घेतल्याचं सांगण्यात काही कमीपणा नव्हता. छापणाराही ती ओळ गाळत नसे. गवई मंडळी गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. चित्रकारांकडे अशी खूण का नसावी?

९ एप्रिल, बुधवार

सर्व्हिस रोडला एका नव्या मिसळीच्या हॉटेलचा फ्लेक्स लागलाय, दहा बाय वीसचा. रिक्षातून जाताना नजर गेली आणि रिक्षा थांबवली.

मागचं चित्र माझ्या एका विद्यार्थिनीचं. पहाटेची इंद्रायणी, काठावरची विहीर, मागे धुक्यात भंडारा. फेब्रुवारीत चार सकाळी नदीवर बसून तिने ते जलरंगात केलं, ग्रुपवर टाकलं. उजव्या कोपऱ्यात सही होती, फ्लेक्सवर तिथे नुसते दगड आहेत. कुणीतरी शेजारचे दगड उचलून सहीवर बसवले.

चित्र तिचंच हे मी एका चुकीवरून ओळखलं. काठावरच्या उंबराची डावी फांदी पाण्यातल्या प्रतिबिंबात आखूड आली आहे. तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, ती म्हणाली होती, आता रंग वाळला मॅडम. ती आखूड फांदी वीस फूट रुंद फ्लेक्सवर रस्त्यावर उभी आहे.

१० एप्रिल, गुरुवार

फोटो ग्रुपवर मीच टाकला. नाव कुणाचंही न घेता, फक्त 'हे पाहा' म्हणून. चूक झाली. हे मी आज स्वच्छ लिहून ठेवते.

रात्रीपर्यंत दोनशेच्या वर मेसेज. फ्लेक्स कुणी छापला हे कुणीतरी शोधून काढलं. तोही माझाच विद्यार्थी, तिच्या सहा वर्षं पुढचा. त्याच्या दुकानाचा नंबर पडला, बायकोचा फोटो पडला, त्याच्या वडिलांच्या जुन्या कर्जाबद्दल लिहिलं गेलं. चित्राबद्दल बोलणारे चार-पाच जण उरले होते. जिचं चित्र होतं ती गप्प होती. अकरा वाजता तिचा मला वेगळा मेसेज आला, "मॅडम, मला फक्त नाव हवं होतं."

बारा वाजता मी सगळं पुसलं. पुसलं तरी लोकांनी वाचलं होतंच. श्रेय द्यायचं तर चारचौघांत नाव घेऊन द्यावं. दोष दाखवायचा तर आधी त्या माणसाच्या घरी जावं. शाळेत मी याच्या उलट कधी वागले नाही. फोन हातात आला आणि वागले. म्हणूनच या वहीत मी दोघांचीही नावं लिहीत नाही.

१३ एप्रिल, रविवार

फ्लेक्स छापणारा मुलगा स्वतःहून घरी आला. दाराशी चप्पल काढून उभाच राहिला, बस म्हटल्यावर बसला.

त्याचं म्हणणं असं. गिऱ्हाईक रात्री नऊला आलं, सकाळी उद्घाटन. 'मावळ निसर्ग' असं शोधलं, चित्र आलं, कोरलमध्ये घेतलं. गिऱ्हाइकाला कोपऱ्यातलं नाव नको होतं, म्हणून दगड बसवले. "फ्लेक्सचा भाव फुटावर लागतो, मॅडम. चित्राचे पैसे वेगळे मागितले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. नेटवर होतं म्हणून घेतलं."

मी त्याला कायदा सांगितला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढलं की हक्क तयार होतो, कुठे नोंदवावा लागत नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मागे साठ वर्षं टिकतो. कलम ५७ तर असं सांगतं, की चित्र विकून टाकलं तरी 'हे मी केलं' म्हणण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. नेटवर दिसणं म्हणजे रस्त्यावर सांडलेलं असणं नव्हे. शैलीला मात्र कायदा मालक देत नाही. तिच्यासारखं धुकं तू खुशाल रंगव, तिचं धुकं उचलू नकोस.

तो ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, "वर्गात तुम्ही तक्ते लावायचात. कमळ, मोर, बाजाराचं दृश्य. आम्ही जसंच्या तसं काढायचो आणि तुम्ही शंभरपैकी मार्क द्यायचात. त्या तक्त्यांखाली कुणाचं नाव होतं, मॅडम?"

मला उत्तर देता आलं नाही.

स्मरणचित्राची तयारीही आम्ही अशीच करून घेत होतो. इंटरमिजिएट परीक्षेला दोन-चार विषय हमखास येतात म्हणून पाच-सहा दृश्यं पाठ करून घ्यायची, छत्रीवाला कुठे, टोपलीवाली कुठे, कुत्रं कुठे. पाठ केलेल्याला स्मरणचित्र म्हणायचं. नक्कल करूनच हात शिकतो, हे मला आजही मान्य आहे. दुसऱ्याची रेघ गिरवल्याशिवाय आपली रेघ सापडत नाही. पण 'ही गिरवलेली आहे' हे वाक्य मी एकतीस वर्षांत फळ्यावर एकदाही लिहिलं नाही. मग सही पुसण्यात गैर काय, हे या मुलाला कुठून कळावं?

जाताना त्याने तिच्यासाठी पाकीट दिलं आणि फ्लेक्सवर नावाची पट्टी लावायचं कबूल केलं. संध्याकाळी पट्टी लागली. तिने पाकीट घेतलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मी तसा आग्रहही धरलेला नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

राजा रविवर्म्यांचा जन्मदिवस, १८४८ चा. सकाळच्या लोकलने तळेगावहून मळवलीला गेले. वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली, अर्ध्या तासाचं अंतर. तरी रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी मी इतक्या वर्षांत तिथे कधी उतरले नव्हते.

रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. पहिला छाप शकुंतलेच्या जन्माचा. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ च्या सुमारास छापखाना इथे, मळवलीला हलला. म्हणून जुन्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरीखाली बारीक अक्षरांत कार्ला-लोणावळा असं सापडतं. महाराष्ट्राच्या निम्म्या देवघरांतले देव आमच्या मावळातून गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला, आणि १९७२ साली आगीत गेला.

रविवर्म्यांनी कॅनव्हासवर तैलरंगात चित्र करायचं. मग शिळाछपाईचे कारागीर ते दगडावर उतरवायचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गालाची गुलाबी छटा ठिपक्या-ठिपक्यांनी एका दगडावर, साडीचा निळा दुसऱ्यावर. कागद एकेका दगडावरून जायचा, आणि जरा सरकला तर सरस्वतीचा ओठ हनुवटीवर. म्हणजे घरोघर जे पोचलं ती नक्कलच होती, मूळ चित्रकाराच्या संमतीने केलेली, अतिशय कसबी नक्कल. खाली छापखान्याचं नाव यायचं. दगडावर ठिपके देणाऱ्याचं नाव मी आजवर पाहिलेल्या एकाही छापावर मला सापडलेलं नाही.

बायकांनी त्या तसबिरींवर टिकल्या, जरी, मणी शिवून देवीला खरी साडी नेसवली. माझ्या आजीकडे अशी एक लक्ष्मी होती. काचेखाली तिचा पदर वर आलेला दिसायचा. ती आजीची होती की रविवर्म्यांची? मला वाटतं दोघांची, आणि दोघांचीही ओळख शाबूत होती. छापाखालची ओळ आजीने जरीने झाकली नव्हती.

उन्हात रिक्षा करून कार्ल्याला चढले. एकवीरेच्या पायऱ्यांवर गर्दी होती, लेण्यात बऱ्यापैकी शांतता. चैत्यगृहाच्या दाराशी ब्राह्मी लेख आहेत. मला ती लिपी वाचता येत नाही, पुस्तकातून माहीत आहे. त्यातल्या एकात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा. दाराचं काम त्याने केलं. दान देणाऱ्या शेठजींची, यवनांची नावं खांबांवर आहेत, आणि त्यांच्याच पंगतीत सुतार बसलेला आहे, बापाच्या नावासकट, दोन हजार वर्षं.

राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत. नववीच्या मुलांना घेऊन एकदा पावसात तिथे गेले होते. कर्जतकडून चढ, लेण्यासमोर धबधब्याचा पडदा. तिथे एका मूर्तीपाशी कोरलंय, की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं. त्या दिवशी मी मुलांना छिन्नी-हातोड्याबद्दल सांगत बसले, लेखाबद्दल एक वाक्य बोलून पुढे गेले. आज परतीच्या लोकलमध्ये ते वाक्य पुन्हा समोर आलं. बलकाने आपलं नाव कोरलं आणि आपल्या आधी गुरूचं. दगडात प्रत्येक अक्षराला घाम लागतो, तरी गुरूच्या नावाची अक्षरं त्याने वाचवली नाहीत.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं. यापुढे कुणाचं चित्र पाहून काढलं असेल तर खाली एक ओळ: 'अमुक यांच्या चित्रावरून'. फोटो पाहून काढलं असेल तर फोटो काढणाऱ्याचं नाव. यूट्यूब पाहून शिकला असाल तर तेही. 'वरून' हा आपला किती जुना शब्द आहे. चाल अमक्यावरून, गोष्ट तमक्यावरून.

११ मे, रविवार

आज जे झालं ते एप्रिलपेक्षा वाईट.

नवलाख उंब्र्याकडच्या एका मुलीने, आठवी संपवून नववीत जाणारी, एक चित्र टाकलं. अंधाऱ्या ओसरीत आजी तांदूळ निवडतेय, एका बाजूने उजेड. सुपाची सावली भिंतीवर मोठी पडलेली. मी पाहत राहिले. दहा मिनिटांत एका मोठ्या माणसाने लिहिलं, 'एआय आहे, बोटं बघा.' दुसऱ्याने मार्चमधला माझाच नियम चिकटवला. तिसऱ्याने विचारलं, 'बाळा, खरंच तू काढलंस?' आणि पुढे हसरा चेहरा.

मी उत्तर टाइप करेपर्यंत मुलीने चित्र काढून टाकलं. तासाभरात तिचे वडील ग्रुपमधून बाहेर.

नियम मी केला तो मुलांच्या हातांसाठी. त्याच नियमाचा पहिला फटका मुलीच्याच हाताला बसला.

१४ मे, बुधवार

स्कूटर घेऊन तिच्या घरी गेले. वळवाचा पाऊस येऊन गेला होता, वाटेत चिखल. आईने पोहे केले. मुलगी मागच्या खोलीत होती, बोलवूनही येईना.

मी खोलीच्या दारात बसले आणि एवढंच विचारलं, "सुपाची सावली एवढी मोठी कशी पडली गं?"

आतून आवाज आला, "लाइट गेली होती. चार्जिंगचा बल्ब खाली ठेवला होता, फरशीवर."

मग वही बाहेर आली. दोनशे पानी, गणिताची. मागच्या पानांवर आजी सात वेळा. पहिल्या तिन्हींत सूप हातातून निसटतंय. चौथ्यात सावली चुकीच्या बाजूला. पाचव्यात नुसती बोटं, पानभर बोटं. सांध्यांना सुजलेली, वाकडी, तांदळात रुतलेली. आजीला संधिवात आहे. ग्रुपवरच्या माणसाने ज्या बोटांवरून निकाल दिला ती बोटं खरोखर तशीच आहेत. आजी समोर बसली होती, तिने हात पुढे करून दाखवले.

आळ घेणं सोपं असतं आणि तो पुसता येत नाही. शंका आली तर ती त्या मुलीला एकटीला विचारायची. विचारायचं तेही 'हे कसं केलंस?' असं. केलेल्याला सांगायला आवडतं, न केलेल्याला सांगता येत नाही. 'खरंच तू केलंस का?' या प्रश्नाला मात्र खरं बोलणाऱ्याकडेही उत्तर नसतं. ज्या मोठ्या माणसांनी तिला हा प्रश्न विचारला त्यांना मी आज एकेकाला फोन केला. दोघांनी तिला माफीचा मेसेज पाठवला. तिसऱ्याचं अजून म्हणणं आहे की शंका घेणं हा त्याचा हक्क आहे. त्याला मी ग्रुपमधून काढलं.

ती परत आलेली नाही. वहीतलं पाचवं पान, बोटांचं, मी तिला जपून ठेवायला सांगितलंय.

१७ जून, मंगळवार

रविवारी दुपारी कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडला. चार जण गेले, कित्येक जखमी. आपल्याच नदीवर, इथून खालच्या अंगाला. रात्रभर सायरन ऐकू येत होते. पुलाचं चित्र काढून ग्रुपवर टाकू का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, आज नको. तो लगेच हो म्हणाला. दोन दिवसांत कुणी काही टाकलेलं नाही.

काल शाळा सुरू झाली. कार्यालयातून फोन आला, चित्रकलेचं जुनं कपाट रिकामं करायचंय, तुमचं काही असेल तर घेऊन जा.

२९ जून, रविवार

आठवडाभर सगळीकडे कोल्हापुरी. २२ तारखेला मिलानमध्ये प्राडाच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी घालून मॉडेल चालले आणि माहितीत लिहिलं होतं नुसतं चामडी सँडल. कोल्हापूरचं नाव नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. लोकांनी ओरड केली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडलं, आणि आता कंपनीने लेखी मान्य केलंय की प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांतून घेतली.

ग्रुपवर मोठा संताप, रास्तच. मी फक्त आठवण दिली, की मिसळीच्या फ्लेक्सवर ज्यांना काही खटकलं नव्हतं त्यांनी इथेही थोडं थांबून बोलावं. कोल्हापुरी बनवणाऱ्याला जे नाव हवं, तेच नदीवर चार सकाळी बसणाऱ्या मुलीला हवं होतं.

१३ जुलै, रविवार

पाऊस लागून आहे. खाचरांत लावणी चाललीय. घरामागच्या वावरात इंद्रायणी लावतात. या तांदळाचा वंश वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात लिहिलेला आहे. एका बाजूने आंबेमोहर १५७, दुसऱ्या बाजूने आयआर ८, वाण बाहेर आलं १९८७ साली. भाताच्या नव्या वाणालाही आईबापाचं नाव सांगावं लागतं, तेव्हाच त्याची नोंद होते.

कपाटातले तक्ते घरी आणून पंधरा दिवस झाले. चौदा आहेत. कमळाचे तीन, मोर, बाजाराचं दृश्य, बसथांबा, घागर-तांब्या, बाकी नक्षी. पोस्टर कलरमध्ये, जाड कागदावर. मी शाळेत रुजू झाले त्याच्या आधीपासूनचे. कमळाची पाकळी एका फटक्यात केलेली आहे, ब्रश कुठेही उचललेला नाही. एकतीस वर्षं मी मुलांसमोर तसा फटका मारून दाखवला, टाळ्या घेतल्या. १९९६ च्या शिक्षकांच्या प्रदर्शनात बाजाराचं दृश्य मी मोठं करून ठेवलं आणि खाली माझी सही केली. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज लिहिते, की ते चित्र माझं नव्हतं.

तक्त्यांखाली नाव नाही. चौदाही तक्ते फ्रेमच्या मापाला बसवायला कुणीतरी खालून बोटभर कापले आहेत. तीन तक्त्यांवर कापलेल्या कडेला शाईचे शेंडे दिसतात, सहीच्या वरच्या टोकांचे. भिंग लावून पाहिलं. एक वेलांटी असावी, एक काना. एवढ्यावरून नाव लागत नाही. शाळेच्या जुन्या हजेरीपटात कलाशिक्षकाचा रकाना मिळाला नाही.

प्रत्येक तक्त्यामागे आज शाईने लिहिलं: 'मूळ चित्रकार या शाळेतील पूर्वीचे कलाशिक्षक. सही कापली गेली आहे. नाव शोधत आहोत.' १९९६ च्या माझ्या चित्राखाली सहीच्या जागी 'शाळेतील जुन्या तक्त्यावरून' असं लिहिलं. चौदाही फोटो ग्रुपवर टाकले, सोबत हा निरोप:

आपल्यापैकी कुणाचे आईवडील, काका, आत्या १९९० च्या आधी या शाळेत शिकले असतील तर त्यांना हे तक्ते दाखवा. चित्रकलेला कोण सर होते, किंवा बाई होत्या, एवढंच विचारा. पूर्ण नाव आठवत नसेल तर आडनाव सांगा. आडनावही आठवत नसेल तर ते कुठून येत, कशाने येत, तेही कळवा. मी वाट पाहते आहे.